इअरमफ घेतले, पण खरं काम डायरीने केलं

मुलगा ८ वर्षांचा, ऑटिस्टिक. शाळेने 'वर्गात आवरत नाही, काही दिवस घरीच ठेवा' म्हणून सांगितलं तेव्हा घाईघाईत हे इअरमफ (आवाज कमी करायला दोन्ही कानांवर घालायचे) मागवले. बॅटरी नाही चार्जिंग नाही, फोमच्या जाड गाद्या, पाकिटावर २५ डेसिबल लिहिलंय, म्हणजे आवाज तेवढा कमी करतात असा दावा. आवाज पूर्ण बंद होत नाही पण घंटा आणि बाकं सरकवायचा कर्कशपणा बराच कमी होतो, आणि बाईंचं बोलणं जवळून ऐकू येतं. पट्टा मात्र घट्ट आहे, पहिले दोन दिवस त्याने काढून फेकले, मग पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवले रात्रभर तेव्हा कुठे जमलं.

दिवसभर घालू देऊ नका हं, कान शांततेला सरावले की साधा आवाजही जास्त टोचतो. आम्ही फक्त प्रार्थना, मधली सुट्टी आणि सुटायच्या वेळी देतो.

सोबत एक वही ठेवली, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय. शाळेच्या मीटिंगमध्ये ती दाखवली तेव्हा कळलं की बहुतेक मेल्टडाऊन (सगळं असह्य होऊन ताबा सुटणं) घंटेनंतरचेच, म्हणजे हट्ट नव्हताच तो! आता अर्धा दिवस घेतायत शाळेत. एक स्टार पट्ट्यासाठी कापला.