प्रोग्रेसिव्ह चष्म्याचे आठ महिने: 'सवय होईल' म्हणणारे आणि तपासून बघणारे

दूरचा नंबर माझा जुनाच, उणे 4.25. जवळचं दिसेनासं झालं तेव्हा पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह घेतला, म्हणजे एकाच लेन्समध्ये वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर. त्याला आता आठ महिने झाले. पैकी पहिले दोन मान वर करूनच काढले.

पहिल्या दुकानात मशीनवर हनुवटी टेकवली, चार ओळी वाचल्या, पंधरा मिनिटांत ऑर्डर. फ्रेम नाकावर ठेवून डोळ्याच्या बाहुलीसमोर लेन्सवर पेनाने खूण करतात, ती कुणी केलीच नाही. 'कॉम्प्युटरवाल्यांना लागतंच' म्हणून ब्लू कट (स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारं कोटिंग) मात्र गळ्यात मारलं. चष्मा आला. लांबचं स्वच्छ, पण मोबाईल वाचायचा तर छतावर पाल शोधल्यासारखी हनुवटी वर. तीनदा गेलो, तीनदा एकच उत्तर: सवय होईल. प्रोग्रेसिव्हची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात हे खरंच असतं, म्हणून तर ही थाप खपते.

शेवटी वैतागून दुसरीकडे गेलो, नवा चष्माच करायचा म्हणून. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट (नंबर तपासणाऱ्या) बाईंनी आधी हाच मागून घेतला. दिव्यासमोर तिरका धरून लेन्सवर कोरलेल्या दोन बारीक खुणा शोधल्या (मला दाखवल्यावरही नीट दिसल्या नाहीत), त्यांवरून ठिपके मारले, चष्मा मला घातला आणि हातात आरसा दिला. बाहुलीसमोर यायला हवा तो ठिपका चार मिलिमीटर खाली. वाचायचा भागही अर्थात तेवढाच खाली गेलेला. नंबर पुन्हा काढला, तो बरोबर.

"नंबर ठीक आहे, लेन्सची उंची चुकलीय. त्यांच्याकडूनच बदलून घ्या, माझ्याकडे नवा करू नका."

समोर चालून आलेलं गिऱ्हाईक! तपासणी करणारा आणि विकणारा एकच असला की कुठलं बोलणं डोळ्यांसाठी आणि कुठलं गल्ल्यासाठी, हे आपल्याला कळत नाही. इथे कळलं. बाईंनी फक्त तपासणीचे पैसे घेतले, नंबर, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर), उंची कागदावर लिहून दिली, आणि पहिल्या दुकानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. ब्लू कटचं मीच विचारलं. 2023च्या कोक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्याप्रमाणे स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्याने बहुधा कमी होत नाही, म्हणाल्या. वर, उणे नंबरवाल्यांच्या डोळ्यातल्या पडद्याला (रेटिनाला) धोका जास्त असतो, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे थेंब घालून तपासून या, ते इथे होणार नाही, हेही बजावलं.

तक्रार एकच: त्यांच्याकडे तासभर ताटकळावं लागतं.

कागद दाखवल्यावर पहिल्या दुकानदाराने मुकाट्याने लेन्स बदलून दिल्या. चूक झाली, असं काही तोंडातून निघालं नाही. आता वाचन, स्क्रीन, गाडी चालवणं, सगळं एकाच चष्म्यात होतं. कडेचं धूसर दिसतं, पण तो या लेन्सचा स्वभावच. जिना उतरताना अजून मान वाकवूनच पायरी बघतो. तेवढं राहणारच, असं बाईंनी त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.