पत्ता घरचा द्यावा की पुण्याचा?

येवल्याच्या पैठणीच्या कापडाच्या पर्स ऑनलाइन विकायचं ठरलं, तेव्हा जीएसटी नोंदणीसाठी दोन पत्ते समोर होते. एक नाशिकच्या इंदिरानगरमधला वडिलांचा फ्लॅट, दुसरा पुण्यातलं व्हर्च्युअल ऑफिस, म्हणजे पैसे भरून नुसता पत्ता वापरायला मिळतो अशी जागा. मार्केटप्लेसवरून, म्हणजे अनेकांचा माल विकणाऱ्या साइटवरून परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल ४० लाखांच्या आत असली तरी जीएसटी नंबर घ्यावाच लागतो. मी आधी पुणं निवडलं आणि अकरा महिन्यांनी पत्ता नाशिकला आणला.

करात काही फरक पडत नाही. नंबर दोन्हीकडे २७ नेच, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडनेच सुरू होतो. शॉप अ‍ॅक्टला मोजकीच माणसं असतील तर नुसती सूचना पुरते, आणि लघुउद्योगांची उद्यम नोंदणी फुकट आहे.

पुण्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. पाकिटावर पूर्ण पत्ता छापावा लागतो, आणि घरचा पत्ता गावोगाव जाणं आईला पटत नव्हतं. ती काळजी मला आजही चुकीची वाटत नाही.

पण ऐन दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या पत्त्यावर पडताळणीला जीएसटीचे अधिकारी गेले. आमच्या नावाची पाटी नव्हती, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने आमचं नाव ऐकलेलंच नव्हतं. नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस पोर्टलवर आली. उत्तराला कामाचे सात दिवस, त्यातले दोन मला ती दिसण्याआधीच गेले होते. तोवर नंबर निलंबित, म्हणजे विक्री बंद. शिवून तयार असलेल्या पर्स कपाटात, आणि मी एसटीने पुण्याला. पाटी लावून घेतली, फोटो काढले. मग कळलं, वीजबिल एकाच्या नावावर आणि करारावर सही दुसऱ्याची. ते जुळवायला पुन्हा एक फेरी झाली. नंबर वाचला, पण ती दिवाळी हातची गेली.

पत्ता बदलल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो, तो केला. महावितरणचं बिल वडिलांच्या नावावर, साध्या कागदावर त्यांचं संमतिपत्र, सोबत आधारची प्रत. सही घ्यायला शेजारच्या खोलीत जावं लागलं, एवढंच. आता दारावर पाटी आहे, आणि कोणी आलं तर आई घरी असते. पाकिटावरचा पत्ता वाचून आजवर दोन बायका आल्या. दोघींना आईनेच पर्स दाखवल्या.

सगळ्यांना पुण्यात असाच अनुभव येईल असं मी म्हणणार नाही. पाटी लावणारे, टपाल जपून ठेवणारे ऑफिसचालकही असतील. तुम्ही भाड्याने राहत असाल आणि मालक सही देत नसेल, तर बाहेरची जागा घ्यावीच लागेल. तरी ती शक्यतो नाशिकमध्येच बघा, कॉलेज रोडला, गंगापूर रोडला, नोटीस आली तर गाडी काढून अर्ध्या तासात पोचता येईल अशी. आणि पैसे भरण्याआधी वीजबिल मागून घ्या, त्यावर नाव कोणाचं आहे ते बघा.