जिल्ह्याच्या सिव्हिलमधलं हिमोफिलिया डे केअर सेंटर: पाचपैकी चार स्टार

माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त लवकर गोठत नाही असा आजार, तोही सिव्हिअर. सिव्हिअर म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर आठ त्याच्या रक्तात नेहमीच्या एक टक्क्याहून कमी. आम्ही बीडकडचे ऊसतोड कामगार. बाहेर या फॅक्टरच्या इंजेक्शनच्या एका डोसला हजारो रुपये पडतात, मुकादमाची उचल त्यातच जायची. इथं तेच इंजेक्शन फुकट मिळतं.

इथलं मला सगळ्यात जास्त पटलं ते हे, की आधी इंजेक्शन, मग कागद. पोरगं "गुडघ्यात मुंग्या येतात" म्हणालं की सूज नसली तरी सांध्यात रक्त सुटलेलं असू शकतं. तालुक्याला एका खासगी डॉक्टरनं "काही दिसत नाही" म्हणत दुखण्याचं इंजेक्शन कमरेत दिलं, तर मांडीपर्यंत काळंनिळं झालं. या मुलांना स्नायूत सुई चालत नाही हो! इथल्या सिस्टर पोराचं ऐकतात. वजन बघतात, फ्रिजमधून बाटली काढतात, पावडरीत पाणी सोडल्यावर ती हलवत नाहीत, दोन्ही तळहातांत हळूहळू फिरवतात, फेस येऊ देत नाहीत. मग बारीक सुईनं शिरेतून औषध सावकाश सोडतात. नंतर बोळा त्यालाच दाबून धरायला लावतात. आता तोच मला सांगतो, "आई, चोळू नको."

2016 च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आहे, प्रमाणपत्र मिळतं, हेही मला इथंच कळलं. गुडघा आखडू नये म्हणून व्यायाम शिकवतात, तो घरी करून घ्याच.

एक स्टार कापला तो रात्रीसाठी. सेंटर संध्याकाळी बंद होतं आणि कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टर असले की सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं, तिकडं सांधा फुगत जातो. फाइल आणि जुन्या रिपोर्टची झेरॉक्स पिशवीतच ठेवा. लांबून येणार असाल तर साठा आहे का, ते फोन करून विचारा.

आणि सेंटरला एक कळकळीची विनंती. दिवाळीच्या आसपास आम्ही कारखान्यावर जातो. फडात धसकटं असतात, पोर पडणारच, आणि कोप्यांजवळच्या सरकारी दवाखान्यात फॅक्टर नसतो. निघताना बर्फाच्या डब्यात दोन डोस द्या आणि शीर कशी धरायची ते आम्हा आयांना शिकवा. मी डॉक्टरांना विचारलंय, ते शिकवायला तयार आहेत. डोससाठी अर्ज द्यायचाय. अजून कुणाची मुलं टोळीबरोबर जात असतील तर माझ्यासोबत सह्या करा.