टॅक्टिकल कुऱ्हाड की टॉमाहॉक?

कॅम्पिंगला टॅक्टिकल (लष्करी धाटणीची) कुऱ्हाड घ्यावी की टॉमाहॉक (उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची हलकी हातकुऱ्हाड), असा प्रश्न आलाय. जाहिरातीतला काळा रंग सोडा, आधी पातं-दांड्याचा जोड बघा.

टॉमाहॉकचा दांडा टिकावासारखा वरून नेढ्यात (डोक्याच्या भोकात) उतरतो, म्हणून घाव घालताना डोकं आणखी घट्ट बसतं. हिकरीचा (चिवट लाकडाचा) दांडा मोडलाच, तर चाकूने नवा तासून बसवता येतो. टॅक्टिकल कुऱ्हाडीत बहुधा पातं-दांडा एकाच पोलादाचा. डोकं ढिलं व्हायचा प्रश्नच नाही, पण हादरा थेट मनगटात, वजनही जास्त.

पात्याच्या मागचा टोकदार काटा? पीटर लगाना यांनी व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांसाठी काढलेल्या १९६६च्या टॉमाहॉकलाही होता. लढाईत ठीक, सरपण तोडताना तो आपल्याच कपाळाकडे रोखलेला!

दार, पत्रा उचकटायचा असेल तर एकसंध पोलाद. पाठीवर हलकं, फांद्यांपुरतं हवं असेल तर टॉमाहॉक. ओंडके फोडायला दोन्ही नकोत, साधी कुऱ्हाड घ्या.