डिजिपिन: सड्यावरच्या घराचा पत्ता दहा अक्षरांत, आठ महिन्यांचा अनुभव

आधी मी काय करते ते सांगते म्हंजे ही सगळी खटपट कशासाठी ते कळेल. गुहागर तालुक्यात सड्यावर, म्हंजे वरच्या कातळाच्या पठारावर, आमचं घर, घरूनच आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी असं विकते, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर, महिन्याला तीस-चाळीस पार्सलं बाहेर जातात आणि बाटल्या, पिशव्या, लेबलं असं करत पाच-सहा आत येतात. जाणाऱ्यांचा ताप कमी, येणाऱ्यांचा जास्त, कारण आमचा पत्ता. वाडीत सतरा घरं, त्यातली चौदा एकाच आडनावाची, आणि ह्याच नावाची अजून एक वाडी खाली खाडीकडे, दोघींचा पिनकोड एकच. आता पत्त्यात लिहायचं तरी काय, मारुतीच्या देवळाकडून पाखाडी चढून वर या आणि फणस दिसला की डावीकडचं बेडं, म्हंजे अंगणाचं फाटक?

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर पिशव्या सील करायचं मशीन मागवलं. कुरिअर कुठलं ते सांगत नाही, कुठल्याही कुरिअरचं झालं असतं. ट्रॅकिंगवर दिसतंय डिलिव्हर्ड, सही म्हणून एक वाकडी रेघ, आणि मशीनचा पत्ता नाही. कुरिअरच्या पोराला फोन केला तर म्हणतो, "दिलं की काकू, पडवीत आजोबा बसलेले त्यांच्याकडे." आमच्या घरात आजोबाच नाहीत! आठ दिवसांनी मशीन खालच्या वाडीत एका पडवीत सापडलं, वर टॉवेल वाळत घातलेला, त्या आजोबांना वाटलं मुंबईच्या मुलानं काहीतरी पाठवलंय, येईल तेव्हा उघडेल. त्यांचा काय दोष.

गणपतीला भाचा आलेला, तो म्हणाला मावशी डिजिपिन काढ की. तर त्याचा हा रिव्ह्यू.

डिजिपिन म्हंजे टपाल खात्यानं २७ मे २०२५ ला आणलेला नवा पत्ता-कोड, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं एनआरएससी (उपग्रहाच्या नकाशांचं काम करणारं केंद्र) ह्यांच्या मदतीनं केलेला. फुकट आहे, नोंदणी नाही, लॉगिन नाही, साइट उघडायची, लोकेशनला परवानगी द्यायची, दहा अक्षरी कोड समोर. आधी मला वाटलं पिनकोड बंद होऊन हा येणार, तसं नाहीये, पिनकोड आहे तिथंच आहे, हा त्याच्या जोडीला. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर आणि वर संस्कृतचे कवी, हे मला भाच्यानं नाही, मीच त्याला सांगितलं. पण पिनकोडचं काम टपाल योग्य पोस्टापर्यंत नेणं. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंगच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्टाचे. म्हणून तर साताऱ्याचा ४१५००१ आणि रत्नागिरीचा ४१५६१२, मधे अख्खा सह्याद्री असून पहिले तीन आकडे तेच, पोस्टाच्या हिशेबात आपण एका खणातले. देशात दीड लाखाच्या वर पोस्टं आणि पिनकोड १९ हजारांच्या आसपास, म्हंजे एका कोडात किती गावं नि किती वाड्या ते बघा. पोस्टातून पुढं घरापर्यंत आणणारा पोस्टमन. आमचे जुने पोस्टमनकाका होते तोवर नुसतं नाव पुरायचं, अक्षरावरून सांगायचे कुणाच्या माहेरचं पत्र ते. पण कुरिअरचा पोरगा दर चार महिन्यांनी नवा, त्यानं काय करावं.

डिजिपिन बरोबर हा शेवटचा तुकडा धरतो. युक्ती सोपी आहे, भाच्यानं वहीवर काढून दाखवली. भारत आणि आजूबाजूचा समुद्र धरून एक मोठा चौकोन, त्याचे चार बाय चार सोळा तुकडे, प्रत्येकाला एक अक्षर किंवा आकडा. आपला तुकडा धरायचा, त्याचे परत सोळा, असं दहा वेळा. दहाव्या वेळी उरतो साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन, आमच्या अंगणात असे दोन-तीन बसतील. अंगण कुणाच्या नावावर आहे ह्याच्याशी कोडाला देणंघेणं नाही, त्यात नाव नाही, फोन नाही, नुसती जागा. आणि सगळं गणित असल्यामुळे नेट नसतानाही निघतो, कोडिंग त्यांनी खुलं ठेवलंय, भाच्यानं ते लॅपटॉपवर उतरवून पडवीत बसून चालवलं. सड्यावर रेंजची बोंब असताना हे मला फार आवडलं.

एक गंमत म्हंजे आपल्याकडचे पिनकोड ४ नं सुरू होतात आणि पुणे, मुंबई, कोल्हापूर, गोवा ह्यांचा डिजिपिनही ४ नंच, पण तो निव्वळ योगायोग, कारण नागपूर-अमरावतीकडे गेलात की डिजिपिन ३ नं सुरू होतो. पहिली दोन अक्षरं बघाल तर मुंबई-पुणे ४एफ, आम्ही रत्नागिरीवाले आणि सातारा-कोल्हापूर ४जे, गोवा ४के. हे एकदा डोक्यात बसलं की ऑर्डर लिहितानाच कळतं, पत्ता कोल्हापूरचा आणि कोड ४एफ असेल तर गिऱ्हाईक पुण्यात बसून कोड काढतंय.

आता प्रत्यक्ष वापर. पहिल्यांदा घरात उभी राहून कोड काढला तो लागला गोठ्यामागचा. मंगलोरी कौलं, जाड चिऱ्याच्या भिंती, वर फणस, फोनला उपग्रह नीट दिसतच नाहीत, ती चूक डिजिपिनची नाही, फोनच्या जीपीएसची, पण चौकोनच चार मीटरचा म्हटल्यावर फोन दहा-पंधरा मीटर हलला की कोड बदलणारच. बेड्यापाशी उघड्यावर येऊन दोन मिनिटं थांबून परत काढला, नकाशा मोठा करून खात्री केली, तेव्हा बरोबर आला. तर घरात बसून कोड काढू नका, आणि घराचा काढण्यापेक्षा पार्सलवाला जिथं गाडी उभी करेल तिथला काढा. आमचा मी बेड्याचाच ठेवलाय, घर तिथून दिसतं, हाक मारली की झालं.

मोठी तक्रार पुढची आहे आणि ती कुणी बोलताना मी ऐकलं नाही. स्पीड पोस्टच्या पावतीवर तेरा अक्षरांचा नंबर असतो ना, दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन, त्यातला नववा आकडा तपासणीचा असतो. पहिल्या आठ आकड्यांना ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणायचं, बेरजेला ११ नं भागायचं, बाकी ११ मधून वजा केली की तो आकडा येतो (१० आले तर ०, ११ आले तर ५ धरायचा). म्हंजे टाइप करताना एक आकडा चुकला की मशीनला बहुतेक वेळा लगेच कळतं नंबर खोटा आहे. डिजिपिनमध्ये असं काहीच नाही! एक अक्षर चुकलं तरी कोड खराच, फक्त दुसऱ्या जागेचा. शेवटचं चुकलं तर पाच-दहा पावलं इकडे तिकडे, सहावं चुकलं तर एक ते चार किलोमीटर, तिसरं चुकलं तर साठ किलोमीटर किंवा जास्त, आणि पहिलंच चुकलं तर पार्सल हजार किलोमीटरवर. एवढं डोकं चालवून सोळा चिन्हं निवडली, शून्य आणि ओ, एक आणि आय अशी गोंधळाची जोडी नको म्हणून वगळली, मग अकरावं अक्षर तपासणीचं टाकायला काय हरकत होती?

आणि ती निवड डोळ्यासाठी बरी, कानासाठी नाही. सी, पी, टी तिन्ही ठेवलेत! फाटक्या रेंजवर फोनवर कोड सांगून बघा, "पी का टी?" "टी हो टी, टीव्हीचा टी." "सीडीचा सी?" परवा पुण्याच्या एका काकूंशी असं दहा मिनिटं चाललं, आमच्या सासूबाई बाजूला वाल सोलत होत्या, म्हणाल्या एवढ्यात तू पुण्याला जाऊन देऊन आली असतीस. तर फोनवर सांगायचाच नाही, मेसेजच करायचा.

शहरात फ्लॅटमध्ये असाल तर फार आशा ठेवू नका. उंची कोडात नाहीच, तळमजला आणि बारावा मजला एकावर एक असतील तर दोघांचा कोड सेम. तिथं विंग, मजला, फ्लॅट नंबर लिहायलाच लागणार, फार तर मोठ्या सोसायटीत कुठल्या गेटनं यायचं ते कळेल. वाडी, मळा, वस्ती, तांडा, जिथं घराला नंबर नाही आणि रस्त्याला नाव नाही तिथं ह्याची खरी किंमत.

दुसरं म्हंजे हा कोड लिहायचा कुठं. खरेदीच्या साइटवर मला अजून तरी डिजिपिनचा रकाना दिसला नाही, मी लँडमार्कच्या रकान्यात मारुती मंदिराच्या पुढं टाकते. कुरिअरच्या पोरांना आधी माहीत नव्हता, आता मीच साइटची लिंक मेसेज करते, त्यात कोड टाकला की नकाशावर बेडं दिसतं. आठ महिन्यांत आत आलेली चाळीसेक पार्सलं, खालच्या वाडीत एकही नाही गेलं. दोनदा पोरांनी फोन केला, पण तो कुत्रा बांधा म्हणून.

सुरक्षिततेचं विचाराल तर डिजिपिन कुठं जायचं ते सांगतो, कुणाच्या हातात द्यायचं ते नाही, आजोबांच्या पडवीचा प्रश्न त्यानं अर्धाच सुटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी मी महागड्या ऑर्डरींना स्पीड पोस्टची ओटीपी डिलिव्हरी घेते, १ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालीय, वर ५ रुपये आणि जीएसटी, गिऱ्हाइकानं ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल हातात पडत नाही. रजिस्टर पोस्ट तर २०२५ मध्येच स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे ज्या माणसाचं त्यालाच द्या असं पाहिजे असेल तर रजिस्ट्रेशन आता स्पीड पोस्टवरच घ्यायचं, तेही ५ रुपये आणि जीएसटी. फक्त ओटीपी ज्याच्या फोनवर जाणार तो माणूस त्या वेळी घरात पाहिजे. मुलगा मुंबईत, फोन नंबर त्याचा, पार्सल घेणार गावाकडे आई, असं असेल तर आईचाच नंबर द्या, आणि तिचा फोन चार्ज आहे ना ते विचारा.

अजून एक, कोडात नाव नसलं तरी पार्सलवर नाव, फोन आणि कोड एकाखाली एक आले की तुमचं दार चार मीटरपर्यंत उघडं पडलं. त्यामुळे खोकं टाकताना लेबल फाडून चुलीत घालते, आणि धंद्याच्या पानावर कोड टाकत नाही, ज्याला लागेल त्याला पाठवते. सड्यावर दुपारी आम्ही दोघी बायकाच असतो.

पाचपैकी साडेतीन देते. एक गेला तपासणीच्या अक्षरापायी, अर्धा त्या सी-पी-टीपायी.

गणपतीतच बेड्याच्या चिऱ्यावर ऑइल पेंटनं कोड रंगवला होता, सासूबाईंना वाटलं दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी मंत्र आहे. ऑक्टोबरच्या पावसात त्यातलं शेवटचं अक्षर धुऊन गेलंय, पण त्यानं चुकून चुकणार ते फणसापर्यंतच, म्हणून अजून तसंच ठेवलंय, मे महिन्यात भाचा आला की त्याच्याकडूनच रंगवून घेते.