अँकीवर प्रेम आणि विज्ञान: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी शब्दांसाठी अँकी हे पाठांतराचं अ‍ॅप वापरायला लागून बरेच महिने झाले. पहिल्या आठवड्यात कुठलंही अ‍ॅप गोडच लागतं, म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय. माझे कार्डांचे गठ्ठे दोन. एक प्रेमसंबंधांच्या शब्दांचा, दुसरा विज्ञानाच्या. जोडी विचित्र आहे खरी, पण मालिका सबटायटल्सशिवाय बघताना आणि विज्ञानावरचे लेख मूळ इंग्रजीत वाचताना माझं नेमकं याच दोन ठिकाणी अडायचं. दोन्हीला एकच साधन पुरलं. कार्डं करायची पद्धत मात्र दोन्हीकडे अगदी उलटी निघाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेमियन एल्म्स यांनी २००६ साली आणलेला हा पुढे प्रश्न, मागे उत्तर अशा कार्डांचा प्रोग्राम. नाव जपानी, अर्थ पाठांतर. मागची कल्पना जुनी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. आठवण निसटायच्या बेतात असताना उजळणी केली की ती जास्त टिकते, हे तत्त्व. पुढच्या वेळी कार्ड कधी दाखवायचं हे आधी १९८७ सालच्या एसएम-२ या गणितावर बेतलेलं असायचं. २०२३ पासून एफएसआरएस हा नवा पर्यायही आहे. तो तुमच्याच उत्तरांच्या नोंदींवरून अंतर ठरवतो. काही महिन्यांच्या नोंदी साठल्या असतील तर तो सुरू कराच.

विज्ञानाचा गठ्ठा अपेक्षेपेक्षा सोपा गेला, आणि त्याचं श्रेय मराठी माध्यमाला. फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण: तुकड्याला तुकडा जुळतो. रिफ्लेक्शन परावर्तन, रिफ्रॅक्शन अपवर्तन, इनर्शिया जडत्व. संकल्पना डोक्यात आधीपासून आहेत, फक्त नवी पाटी लावायची. अशा शब्दांना पुढे इंग्रजी, मागे मराठी असं साधं कार्ड पुरतं. ग्रीक-लॅटिन तुकडे कळले की अनोळखी शब्दाचाही अंदाज येतो. फक्त त्यावर आंधळा भरवसा नको. ऑक्सिजनचा मूळ अर्थ आम्ल घडवणारा. प्रत्येक आम्लात तो असतोच असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिएला वाटत होतं, ती समजूत चुकीची ठरली, नाव राहिलं.

खरा त्रास लांबलचक शब्दांचा नाही, साध्या शब्दांचा. वर्क म्हणजे काम हे कोणाला माहीत नाही? पण भिंतीला तासभर जोर लावून घाम गाळला तरी भिंत हलली नाही, तर भौतिकशास्त्राच्या हिशेबात भिंतीवर झालेलं कार्य शून्य. थिअरी म्हणजे गप्पांमध्ये नुसता तर्क, आणि विज्ञानात पुराव्यांवर उभा असलेला सिद्धांत. मग सजेस्ट (सूचित करणं), अकाउंट फॉर (कारण देणं), कन्सिस्टंट विथ (जुळतं असणं) ही मंडळी. लेखाचा सगळा तोल त्यांच्यावर असतो आणि तयार गठ्ठ्यांत ती सापडतच नाहीत. ही मी लेखांतून उचललेल्या वाक्यांसकट घातली.

प्रेमाच्या गठ्ठ्याची सुरुवात एका तयार, फुकट उतरवून घेतलेल्या गठ्ठ्याने केली आणि तो लवकरच पुसून टाकला. लीड ऑन म्हणजे पुढे नेणे, असं त्यात होतं! कोणी कोणाला लीड ऑन करतं म्हणजे मनात काही नसताना आशेवर झुलवत ठेवतं. इथे शब्द किरकोळ असतात, फॉल, गो, मेक, ब्रेक, आणि अर्थ शेपटीत असतो. फॉल फॉर म्हणजे भाळणं, फॉल आउट म्हणजे बिनसणं, मेक अप म्हणजे भांडण मिटवणं. ड्रिफ्ट अपार्ट झालेल्यांचं भांडण झालेलंच नसतं, दोघं नकळत लांब जातात. ब्रेकअपमध्ये कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. समानार्थी शब्द म्हणून एका रांगेत पाठ केले की हा फरक हातून जातो. म्हणून या गठ्ठ्यात मराठी अर्थ जवळजवळ ठेवलेच नाहीत. पुढे दोन ओळींचा संवाद, त्यात गाळलेली जागा, आणि कोण कोणाला बोलतंय याची खूण.

मराठीच आडवी येते अशी जागाही हीच. आपण कोणाशी तरी लग्न करतो, म्हणून तोंडातून मॅरी विथ निघतं. इंग्रजीत नुसतं मॅरी हिम, किंवा मॅरीड टू. कोणाच्या प्रेमात पडतो, पण तिथे मात्र इन लव्ह विथ. शिवाय आपण आधीच आपलेसे केलेले शब्द. आपल्याकडे प्रपोज केलं म्हणजे आवडतेस असं सांगितलं. इंग्रजी ऐकणाऱ्याला थेट लग्नाची मागणी ऐकू येते. अफेअर आपण कुठल्याही प्रेमप्रकरणाला म्हणतो, तिथे त्याला बहुधा लपवाछपवीचा, विवाहबाह्य वास असतो. अशा शब्दांची कार्डं मी लाल खूण करून ठेवली आहेत. माझ्या मते या गठ्ठ्यातली सगळ्यात कामाची कार्डं तीच.

गंमत येते ती दोन्ही गठ्ठ्यांत असलेल्या शब्दांची. केमिस्ट्री, बाँड, अट्रॅक्शन, स्पार्क. डेट करणं म्हणजे भेटीगाठी, आणि कार्बन डेटिंग म्हणजे जुन्या अवशेषात कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून त्याचं वय काढणं. सिग्निफिकंट अदर म्हणजे जोडीदार, पण शोधनिबंधातला सिग्निफिकंट फरक महत्त्वाचा असेलच असं नाही. तो निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी, एवढंच. अँकीला हा शब्द एकच आहे हे कळत नाही, त्याच्या लेखी ती दोन सुटी कार्डं. मी दोन्हींना एकच टॅग दिला आणि अधूनमधून तो टॅग शोधून सगळी कार्डं शेजारी-शेजारी बघते. हे हाताने करावं लागतं.

वापरणाऱ्यांना दोन सूचना. रोजची नवी कार्डं आपोआप वीस ठरलेली असतात. नोकरी-घर सांभाळणाऱ्याला ती फार होतात, कारण आजची वीस पुढचे कित्येक दिवस उजळणीला परत येतात. निम्म्याहून कमी करा. दुसरं, कार्डावर आवाज हवाच. हायपॉथिसिस देवनागरीत लिहिता येतो, पण बोलताना जोर ‘पॉ’वर, हे कानानेच कळतं. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर सगळं फुकट आहे, आयफोनचं अधिकृत अ‍ॅप विकत घ्यावं लागतं. बोलायची भीड मात्र कार्डांनी जात नाही. शब्द आठवतो, तोंडात वेळेवर येत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

प्रेमाच्या गठ्ठ्यातले ताजे शब्द आता वेगळे काढलेत. गॅसलायटिंग, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच आठवणींवर शंका घ्यायला लावणं, राहील असं दिसतं: १९३८ च्या एका ब्रिटिश नाटकावरून आलेला शब्द, २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाचा वर्षाचा शब्द. घोस्टिंग, म्हणजे काही न सांगता संपर्क तोडणं, हाही रुळलाय. पण ऑक्सफर्डने २०२३ साठी निवडलेला रिझ, म्हणजे समोरच्याला भुलवायची हातोटी, त्याचं कार्ड सध्या स्थगित ठेवलंय. उजळणीचं अंतर वाढत चार महिन्यांवर गेलं होतं, आणि मालिकांमध्ये तो शब्द मला तेवढ्यात एकदाही ऐकू आला नाही.