१/७२ बी-२४जे लिबरेटर किट: सात महिन्यांनी, पुढचा पाय वाकल्यावर

मे महिन्यात एका सकाळी काचेचं कपाट उघडलं आणि लिबरेटरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बरच्या ७२ पट लहान प्लास्टिक मॉडेलचं, नाक फळीला टेकलेलं दिसलं. पुढच्या चाकाचा पाय मधोमध वाकला होता. तुटला नव्हता, वाकला होता, उन्हात राहिलेल्या मेणबत्तीसारखा. या विमानाला मी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंतच्या रात्री दिल्या होत्या. जीव हळहळला.

किटच्या बाकी गोष्टी शौकिनांना माहीत आहेत, त्यांत शिरत नाही. मॉडेलचे पंख ४६ सेंटिमीटर होतात, कपाटाची खोली आधी मोजा. सांधे बरे बसतात, पंखाच्या मुळाशी पुट्टी लागते, काचा स्वच्छ आहेत. साडेचार हजार रुपये मोजले. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्या ऑनलाइन दुकानातून घेतलं, त्यांना वाकलेल्या पायाचे फोटो पाठवले. किट जोडलं की परत घेत नाही, असं उत्तर आलं. ते मान्य. मग फक्त तो एक स्प्रू (सुटे भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) द्या म्हटलं, पैसे देतो. सुटे भाग मिळत नाहीत. सहा ईमेल आणि दोन फोनांनंतर पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सवलत देऊ केली. मला पुढची खरेदी नको होती, पाच सेंटिमीटरचाही नसलेला एक पाय हवा होता.

मी हे किट का घेतलं ते सांगतो. खोक्यात दोन विमानांचे डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) आहेत. एक युरोपातलं, दुसरं अमेरिकन हवाई दलाच्या ७व्या बॉम्बार्डमेंट ग्रुपचं, म्हणजे आपल्याकडे, बंगालच्या धावपट्ट्यांवर उभं असलेलं. त्यासाठीच घेतलं. पण माहितीपत्रकात युरोपच्या विमानाला अर्धं पान आणि या ग्रुपला एक ओळ: चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडी. बस्स. हे मला पायापेक्षाही जास्त लागलं, कारण या तुकडीचा इतिहास एका ओळीत मावणारा नाही.

पर्ल हार्बरच्या सकाळी कॅलिफोर्नियाहून आलेली जी बी-१७ बॉम्बर विमानं हल्ल्याच्या ऐन मध्यात हवाईवर उतरली, त्यांतली काही याच ग्रुपकडची होती. जमिनीवरची माणसं तेव्हा जहाजावर पॅसिफिकमध्ये होती, ती ऑस्ट्रेलियाला वळवली गेली. विमानं आफ्रिकेवरून जावाला पोचली, तिथे दोन महिने लढली, आणि जावा पडताना मार्च १९४२ मध्ये ग्रुपचा तळ कराचीला आला. २ एप्रिलच्या रात्री या ग्रुपच्या बॉम्बरांनी पोर्ट ब्लेअरजवळच्या जपानी जहाजांवर हल्ला केला, तेव्हा अमेरिकेच्या दहाव्या हवाई दलाचे प्रमुख ब्रेरटन स्वतः विमानात होते. अंदमान जपान्यांच्या हातात जाऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते.

पुढे बी-१७ जाऊन लिबरेटर आली. डिसेंबर १९४२ पासून ग्रुपचं मुख्यालय पांडवेश्वरला, म्हणजे आसनसोल-दुर्गापूरच्या कोळशाच्या पट्ट्यात. ९, ४३६, ४९२ आणि ४९३ अशा चार स्क्वाड्रन. जानेवारी १९४४ मध्ये ढाक्याजवळ कुर्मिटोला, ऑक्टोबरात परत पांडवेश्वर, जून १९४५ मध्ये तेजपूर.

या आघाडीवर खरा शत्रू अंतर होतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये गयेहून बँकॉकवर हल्ला झाला, त्याची जाऊन-येऊन मजल २,७६० मैल, म्हणजे ४,४०० किलोमीटरहून जास्त. एवढं पेट्रोल घ्यायचं तर बॉम्ब कमी. शिवाय १९४४ मध्ये या बॉम्बरांनी बॉम्ब सोडून नुसतं पेट्रोल हिमालयापलीकडे चीनला वाहिलं. किटमध्ये बॉम्ब आहेत, बॉम्बच्या कप्प्यात ठेवायची पेट्रोलची टाकी नाही. मी ती प्लास्टिकच्या पट्ट्यांतून केली. एक रविवार गेला, पण कप्प्याची दारं (दुकानाच्या शटरसारखी बाजूने वर गुंडाळली जाणारी, किटमध्ये ती फार छान आलीत) उघडी ठेवली की ती टाकी दिसते.

आता प्यिनमनाबद्दल. ब्रह्मदेशातलं हे रेल्वेचं गाव, रंगून आणि मंडालेच्या साधारण मधोमध, आजच्या नेपिडोला लागून. ३१ मार्च १९४३ रोजी पांडवेश्वरची लिबरेटर इथला रेल्वे पूल पाडायला निघाली. लक्ष्यावर पोचण्याआधीच जपानी लढाऊ विमानांनी त्यांना गाठलं. एक विमान पेटलं, त्यातले काही जण पॅराशूटने उतरले. सहवैमानिक ओवेन बॅगेटने हवेत लटकत असताना पिस्तुलाने जपानी वैमानिक टिपला अशी कथा अजूनही सांगितली जाते. ती खरी की नाही यावर वाद आहे, पण उरलेलं युद्ध त्याने जपानी कैदेत काढलं हे खरं.

त्याच प्यिनमनाच्या पुलावर २७ डिसेंबर १९४४ रोजी ४९३व्या स्क्वाड्रनने एझॉन बॉम्ब वापरले. साध्या हजार पौंडी बॉम्बला वेगळी शेपटी लावलेली, तिच्यात रेडिओ रिसीव्हर, बॉम्ब गिरक्या घेऊ नये म्हणून जायरो (तोल राखणारं फिरतं चाक), आणि पाठीमागून दिसावा म्हणून जळता फ्लेअर. बॉम्ब टाकणारा त्या उजेडाच्या ठिपक्याकडे बघत रेडिओने त्याला डावी-उजवीकडे वळवायचा. फक्त डावी-उजवीकडे, पुढे-मागे नाही. पूल लांब आणि अरुंद असतो. लांबीत थोडं इकडेतिकडे झालं तरी बॉम्ब पुलावरच पडतो, रुंदीत चुकला तर नदीत. म्हणून अर्ध्या नियंत्रणावरही भागलं. किंमत एकच: बॉम्ब सुटल्यावर विमानाला वळून पळता येत नाही. खालून तोफा चालू असताना, तो पडेपर्यंत सरळ पुढे जात राहायचं.

हे वाचल्यावर किटमधले साधे बॉम्ब मला लावता येईनात. प्रत्येक जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. शेपट्या नेलकटरने छाटल्या, नव्या पत्र्या घासून केल्या, मागे स्प्रू तापवून ओढलेल्या तारेचा तुकडा फ्लेअर म्हणून. आठांपैकी चार चांगले झाले, तेवढेच लावले. (एझॉन आणि पेट्रोलची टाकी एकत्र असू नये हे मला माहीत आहे. टाकी काढता येते, आलटून पालटून ठेवतो.)

डिकॅलची तक्रार मात्र कायम आहे. शीट पिवळी पडलेली आली. ती पारदर्शक पिशवीत घालून आठवडाभर खिडकीच्या काचेला चिकटवली, उन्हाने पिवळेपणा बराच उतरला. पण पाण्यात टाकल्यावर एका शेपटीचं डिकॅल तीन तुकडे झालं. उरलेल्यांवर आधी क्लिअर वार्निशचा हात मारला, मग फुटली नाहीत. तुम्ही तो सुरुवातीलाच मारा.

आता पुन्हा पायाकडे. मेमध्ये मी लिहिलं असतं तर सगळा दोष कंपनीला दिला असता. तसा मसुदाही तयार होता. जूनमध्ये तराजू घेऊन बसलो आणि मत बदललं.

लिबरेटर तीन चाकांवर उभं राहतं, आणि मॉडेल पाठीमागे जड असल्याने नाकात वजन भरलं नाही तर शेपटीवर बसतं. पत्रकात ‘नाकात वजन ठेवा’ एवढंच छापलंय, किती ते नाही. मी गळाला लावतात ती शिश्याची वजनं ६० रुपयांना आणली आणि कॉकपिटच्या तळाखाली, चाकाच्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना मिळून ७० ग्रॅम कोंबली. कमी पडायला नको म्हणून. चूक तिथे झाली. शेपटी तोलायला लागतं त्यावरचा प्रत्येक ग्रॅम त्या बारीक पायावर येतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या हॉलमध्ये दुपारी पंखाही गरम हवा फेकतो. मऊ प्लास्टिक महिनाभर ते ओझं सोसत राहिलं आणि वाकलं.

नशीब, पुढचा टरेट (नाकावरचा बंदुकीचा घुमट) मी फेव्हिकॉलने बसवला होता. ओल्या कापसाने कडा भिजवत अर्ध्या तासात तो सुटला. चिमट्याने एकेक गोळी काढत गेलो, मागच्या चाकांखाली पट्टी ठेवून. ४८ ग्रॅमवर विमान तीन चाकांवर टिकलं, ४६ वर शेपटी खाली आली. ५० ठेवले. म्हणजे २० ग्रॅम मी उगीच घातले होते.

पाय गरम पाण्यात धरून सरळ केला, आतून ०.५ मिलिमीटरची पितळी तार घातली. आयात केलेले धातूचे पाय टपालखर्च धरून १,४०० रुपये पडतात. तार घरातच होती.

तरी कंपनीचा दोष पूर्ण सुटत नाही. आकडा छापायला शाई किती लागते? ‘५० ग्रॅम’ एवढं लिहिलं असतं तर माझा आणि बाकीच्यांचा पाय वाचला असता. दुकानाचा दोष तर आहे तसाच.

आणखी एक गोष्ट. माझे आजोबा पन्नासच्या दशकात लोहगावला हवाई दलात फिटर होते. ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत उडवली. सहावी स्क्वाड्रन ती घेऊन पुण्यात होती. ती विमानं ७व्या ग्रुपची नव्हेत, पण जात तीच. आजोबा सांगायचे की बॉम्बच्या कप्प्यातून जायची पट्टी इतकी अरुंद, की पाय आडवा टाकावा लागायचा. मी किटमधली पट्टी मोजली: सव्वातीन मिलिमीटर. ७२ने गुणलं तर २३ सेंटिमीटर, म्हणजे नऊ इंच. माझा बूट सव्वाअकरा इंच आहे.

घ्यावं का? साडेतीन हजारांपर्यंत मिळालं तर घ्या, साडेचारला थांबा. पाऊस सुरू झाल्यापासून रोज सकाळी पट्टी लावून नाकाची उंची मोजतोय. तीन आठवडे झाले, अर्धा मिलिमीटरही खाली आलेलं नाही. पुढच्या मेमध्ये पुन्हा मोजून इथेच खाली लिहीन.